चोंगचिंगचं जानवसघर

२ मार्च, रविवार. डब्लिन, ओहायो

आज जेवणाच्या टेबलावर मला कळवण्यात आलं की जूनमध्ये घरातले तिघं चीनला जाणार आहेत आणि दोघं इथेच राहणार आहेत. राहणारे दोघं कोण, ते सांगायला नको.

अनन्याच्या शाळेतल्या चिनी शिकणाऱ्या मुलांनी गाणी बसवली आहेत. चोंगचिंग नावाच्या मोठ्या शहरातल्या एका शाळेनं त्यांना कार्यक्रमाला बोलावलं आहे. मुलांची सोय ती शाळा करणार, आईवडिलांना यायचं असेल तर त्यांनी आपापलं बघायचं. त्यात अनन्याला एक अख्खं कडवं एकटीनं म्हणायचं आहे. माझी बारा वर्षांची नात परमुलखात स्टेजवर उभी राहून गाणार आणि तिचे आजी-आबा इथे खिडकीतून खारी बघत बसणार.

शंतनू म्हणाला, "आई, ते शहर डोंगरावर आहे. सगळीकडे जिने. बाबांना कसं जमेल?"

हे समोरच बसले होते. ताटातली कोशिंबीर संपवून ह्यांनी पाणी मागितलं. गेल्या वर्षी ह्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हापासून घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर. पण कान शाबूत आहेत. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल असं बोललेलं मला खपत नाही, पोटचा मुलगा बोलला तरी नाही.

सूनबाईंनी, म्हणजे आश्लेषानं, पुढची व्यवस्थाही लावून ठेवली होती. इथल्या मराठी मंडळातल्या रेखाताई रोज डबा देणार. रेखाताईंच्या आमटीत डाळ शोधावी लागते. मी सरळ सांगितलं, आम्ही येणार. बराच वाद झाला. शेवटी शंतनूनं अट घातली: जिथून बाबा एकही जिना न चढता थिएटरपर्यंत जातील आणि परत येतील असं हॉटेल एप्रिल संपायच्या आत शोधून दाखव, मी चौघांचं बुकिंग करतो.

मी गप्प बसावं म्हणून त्यानं ही अट घातली, हे मला कळतं. पण आपली आई कोण होती हे तो विसरला.

५ मार्च

सांगलीत आमचं मंगल कार्यालय होतं. हे बाहेरचं सगळं बघायचे, आचारी, मांडव, गाड्या. मी आतलं. आणि आतलं म्हणजे मुख्यतः जानवसघर, वरपक्षाला उतरवायची जागा. जेवण थोडं बिघडलं तर लोक विसरतात. जानवसघर चुकलं की मुलाची आत्या नातवंडांच्या मुंजीपर्यंत बोलून दाखवते. तेव्हा उतरायची जागा निवडण्यात मला कोणी शिकवू नये.

शंतनू हॉटेल बघतो ते किती तारे आहेत त्यावरून. आश्लेषा बघते नाश्त्याचे फोटो आणि पोहण्याचा तलाव. इंटरनेटवर लोक लिहितात, "खिडकीतून नदी फार सुंदर दिसते." नदी दिसते हो, पण सकाळी सहाला आंघोळीला गरम पाणी येतं का, ते एकानंही लिहिलेलं नाही.

माझे नियम साधे आहेत. मांडवाला लागून असावं. म्हाताऱ्यांना न्हाणीघरात धरायला काही असावं. आणि दारात उभं राहिलं की मांडव दिसावा, म्हणजे माणसं चुकत नाहीत. कॉम्प्युटर मला अनन्यानं लावून दिला. हॉटेलं इतकी आहेत की डोळे दुखायला लागले.

९ मार्च, रविवार

सापडलं!

नकाशावर थिएटर आणि हॉटेल एकमेकांना चिकटून आहेत. मध्ये बोटभरही जागा नाही. नदीकाठी, नवीकोरी इमारत, लिफ्ट चार. शंतनूनं नकाशा मोठा करून पाहिला, छोटा करून पाहिला, आणि त्याला मान्य करावं लागलं. बदलता येईल अशा बोलीवर त्यानं खोल्या धरूनही ठेवल्या.

मी शिरा केला. आश्लेषा म्हणाली, "आई, मानलं तुम्हाला." तिच्या आवाजात थोडी धाकधूक वाटली, पण ती ऑफिसच्या कामाची असेल. हे शिरा दोनदा घेऊन वर्तमानपत्र वाचायला गेले. एवढं मोठं काम झालं, पण ह्यांच्या तोंडून चांगला शब्द निघाला तर शपथ.

१४ मार्च

नुसत्या नकाशावर विसंबायची मला सवय नाही. कार्यालयात कोणी "दोन मिनिटांवर आहे" म्हणालं की मी स्वतः चालून बघायची. इथून चालता येत नाही, म्हणून फोन करायचा ठरवलं. आपल्या इथे रात्रीचे आठ वाजले की तिकडे सकाळचे आठ वाजतात, हे एक बरं आहे. अनन्या चिनीत बोलली. मी विचारलं, म्हाताऱ्या माणसाला थिएटरपर्यंत जायला किती वेळ लागेल? पलीकडचा माणूस म्हणाला, म्हातारे असतील तर टॅक्सी करा, पंधरा मिनिटं.

भिंतीला भिंत लागून असलेल्या थिएटरला टॅक्सीनं पंधरा मिनिटं! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मला वाटलं, ह्याचं टॅक्सीवाल्याशी साटंलोटं असणार. स्टेशनवर पाहुण्यांना फिरवून आणणारे रिक्षावाले मी आयुष्यभर पाहिले आहेत. मी तसं म्हटलंही. अनन्यानं मात्र त्या हॉटेलबद्दल लोकांनी चिनीत लिहिलेलं वाचायला घेतलं आणि तिचा चेहरा पडला.

"आजी, द थिएटर इज अपस्टेअर्स."

"मग लिफ्टनं जाऊ."

"नो, लाइक, रस्ताच वरती आहे. हॉटेल खालच्या रस्त्यावर आहे आणि थिएटर कड्यावर. मध्ये फक्त जिने आहेत. खूप."

तिनं मला फोटो दाखवला. हॉटेलच्या गच्चीच्याही वर एक रस्ता होता, त्यावरून बसगाड्या चालल्या होत्या, आणि त्याच्या वर आणखी घरं. नकाशाला उंची नसते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला सुचलंही नाही. सांगली सपाट आहे हो. जन्मभर मी जवळ आणि लांब एवढंच मोजलं, वर आणि खाली मोजायची वेळच आली नाही.

१५ मार्च

शंतनूनं ते बुकिंग रद्द केलं. एका शब्दानंही टोचून बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

दिवसभर काही केलं नाही. इथे खरं लिहायला हरकत नाही. मला चीन बघायचा आहे असं मुळीच नाही. मला मागे राहायची भीती वाटते. ते तिघं बॅगा घेऊन गेले की हे घर किती गप्प होईल, त्याचा मी रोज विचार करते.

संध्याकाळी चहा घेताना हे म्हणाले, "एवढा आटापिटा कशासाठी करतेस?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी. दुसऱ्या कशासाठी?"

हे माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बरं." त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

२३ मार्च, रविवार

हरेन ती पद्मिनी नाही. नियम बदलला. मांडवाला लागून असलेलं नको, मांडव ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्यावरचं हवं. लांब असलं तरी चालेल. अनन्याला म्हटलं, थिएटरच्या दारातल्या रस्त्याचं नाव काय? ते घेऊन आम्ही दोघी त्याच रस्त्यानं हॉटेलं शोधत गेलो. बरीचशी वरच्या मजल्यांवर, आत शिरायलाच पायऱ्या. मग एक जुनाट, अंगानं बसकं हॉटेल मिळालं. तारे तीनच. नदी दिसत नाही, समोर नुसती झाडं आणि एक नूडलचं दुकान. वॉकर घेऊन हळू चाललं तर वीस मिनिटांचं अंतर. आश्लेषा फोटो बघून "ओके" म्हणाली, म्हणजे तिला ते आवडलं नाही.

फोनवर मी सगळं विचारलं. गरम पाणी चोवीस तास. न्हाणीघरात धरायला दांडी आहे. काउंटरवर लियू नावाची एक मुलगी होती. मी दांडी कोणत्या बाजूला विचारल्यावर ती वर जाऊन बघून आली आणि उजव्या बाजूला म्हणाली. अशी मुलगी माझ्या कार्यालयात असती तर मी तिला सोडली नसती.

५ एप्रिल, शनिवार

आज मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. तारखेनं पाडवा होऊन गेला, पण इथे सण शनिवारपर्यंत थांबतात. हॉल भाड्याचा, जुना होता. जमलेल्यांत सर्वात वयस्कर म्हणून दीपप्रज्वलनाला ह्यांना स्टेजवर बोलावलं. स्टेजला पाच-सहा पायऱ्या. ह्यांनी राहू द्या म्हटलं, पण चार तरुण पोरं धावत आली, त्यांनी ह्यांना खुर्चीसकट उचललं आणि अलगद वर नेऊन ठेवलं. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. पोरांनी परत खाली आणलं, तेव्हाही टाळ्या. मला भरून आलं. परक्या देशात एवढा मान कोण देतो? रेखाताईंनी खुर्ची हवेत असतानाचा फोटो काढला आणि तो लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

येताना गाडीत हे काही बोलले नाहीत. दमले असतील.

६ एप्रिल, रविवार

सकाळी सगळे जमलेले असताना हे म्हणाले, "मी चीनला येणार नाही. तुम्ही चौघं जा. पद्मिनीला न्या."

मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, इच्छा नाही. हॉटेल मिळालंय, रस्ता सपाट आहे, न्हाणीघरातली दांडीसुद्धा उजव्या हाताला आहे, आणि आता म्हणे इच्छा नाही! मी इतकी चिडले की पोह्यात मीठ घालायचं राहिलं. शंतनूचा चेहरा आधी सुटका झाल्यासारखा दिसला आणि मग त्याला त्याचीच लाज वाटली असावी, कारण तो उठून बाबांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

हे नाहीत तर मी जाणार नाही, हेही मी सांगून टाकलं.

१२ एप्रिल

आठवडाभर अबोला. म्हणजे माझा. हे मुळातच कमी बोलतात, त्यामुळे ह्यांना तो कळला की नाही शंका आहे.

आश्लेषा हळूच येऊन विचारून गेली, "आई, तो स्टेजवरचा फोटो ग्रुपवरून काढायला सांगू का?" मी म्हटलं, कशाला? किती छान आलाय. ह्यांच्या अंगावर नवा सदरा आहे. ती काही तरी बोलणार होती, पण थांबली आणि म्हणाली, "मग बाबांना तो रस्ता एकदा दाखवू या का? खराखुरा?" मी म्हटलं, रस्ता इथे कसा दाखवणार? म्हणाली, लियूला विचारू या, ती फोन घेऊन चालेल का.

सूनबाईंना आमचं दोघांचं काही पडलेलं नाही असं मी इथे लिहिलं नसलं तरी मनात म्हटलं होतं. ते परत घेते.

१९ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस सविस्तर लिहिते.

रात्रीची जेवणं लवकर उरकली. लियूची ड्यूटी तिकडे सकाळी आठला सुरू होते. तिनं कबूल केलं होतं. शंतनूनं तिचा व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले. मी बघणारच नाही, असा आविर्भाव.

लियूनं आधी खोलीचं दार दाखवलं. मग लिफ्ट, मग बाहेर पडायचं दार, त्याला उंबरा नाही. मग रस्ता. फुटपाथ रुंद, झाडांची सावली. नूडलवाल्यानं कॅमेऱ्याकडे बघून हात केला, अनन्यानं इकडून केला. मध्ये एका झाडाला गोल कट्टा होता. मी म्हटलं, तिथे बसून घेता येईल. शंतनू घड्याळ बघत होता. लियू मुद्दाम हळू चालत होती, म्हातारा माणूस चालेल तशी. मी तिला तसं सांगितलेलं नव्हतं.

थिएटर आलं, आणि तिथे दारापर्यंत दगडी पायऱ्या. दहाएक तरी असतील. लियू थबकली. रोज जाता-येता तिलाही त्या कधी पायऱ्या वाटल्या नसाव्यात.

शंतनू हळूच म्हणाला, "चार माणसं लागतील. तिथे कोणी ना कोणी मदत करेलच."

तेव्हा वर्तमानपत्र खाली झालं.

"तिला विचार, नाटकाचं सामान कुठून आत नेतात?"

अनन्याला आधी कळेना. हे म्हणाले, "अगं, पेट्या, पडदे, पियानो. ते काय ह्या पायऱ्यांवरून नेतात? आचाऱ्याची मोठी पातेली कधी पुढच्या दारानं येत नाहीत. मागे गाडी लागायला जागा असणार. जा म्हणावं मागे."

अनन्यानं विचारलं. लियू इमारतीला वळसा घालून मागे गेली. तिथे एक पत्र्याचं मोठं दार, आणि दारापर्यंत सिमेंटचा लांबच लांब उतार. राखणदार नाही म्हणून मुंडी हलवत होता, मग लियू त्याच्याशी खूप वेळ बोलली. बोलता बोलता तिनं फोन त्याच्यासमोर धरला. अमेरिकेतल्या एका दिवाणखान्यात बसलेले आम्ही सगळे त्या राखणदाराला दिसलो. हे वॉकरला धरून उठले, टीव्हीसमोर गेले आणि त्याला नमस्कार केला. तोही वाकला. मग त्यानं पत्र्याचं दार पूर्ण उघडून दाखवलं. आत सपाट लाकडी जमीन, आणि थोडं पुढे लाल खुर्च्यांच्या रांगा.

हे बराच वेळ त्या उताराकडे बघत होते. कठडा आहे का, विचारलं. होता.

"म्हणजे मला उचलायला कोणी लागणार नाही," हे म्हणाले.

"नाही बाबा," शंतनू म्हणाला.

"मग मी येतो."

आश्लेषा रडायला लागली. मी तिला म्हटलं, अगं, आनंदाच्या वेळी रडतेस काय? आणि मग माझंही तेच झालं. सामानाच्या दाराचं मीही सुचवणारच होते, ह्यांनी एक क्षण आधी विचारलं एवढंच. पण हॉटेल माझं. ते कोणी नाकारू शकत नाही.

२० एप्रिल, रविवार

शंतनूनं चौघांचं बुकिंग केलं आणि मला म्हणाला, "आई, जिंकलीस." मी म्हटलं, हे तुला मार्चमध्येच कळायला हवं होतं.

हे सकाळी वॉकर घेऊन एकटेच तळ्याला चक्कर मारून आले. मी व्हीलचेअर घेऊन मागे निघाले तर म्हणाले, ती घरी राहू दे. आल्यावर आश्लेषाला सांगून तो स्टेजवरचा फोटो ग्रुपवरून काढायला लावला. एवढा चांगला फोटो का काढायला लावला, मला अजून समजत नाही. पुरुषांची मर्जी.

२८ मे

बॅगा भरल्या. मेतकूट, लिंबाचं लोणचं, सुका खाऊ. आश्लेषा म्हणते, लोणचं फुटेल. फुटणार नाही, मी बांधलंय. हे आता तळ्याला दोन चकरा मारतात आणि जेवताना मागून वाढून घेतात.

२४ जून

परत आलो. वही इथेच विसरले होते, म्हणून तिकडचं आता लिहिते.

हॉटेलबद्दल एवढंच सांगते, की नदीकाठच्या त्या पहिल्या हॉटेलात उतरलेले अनन्याच्या मैत्रिणीचे आईवडील कार्यक्रमाला घामाघूम होऊन पोचले आणि मला विचारत होते, तुम्ही कुठे उतरलात? मी सांगितलं. सावकाश, सगळं सांगितलं. लियूच्या हातात मी खणाचं कापड ठेवलं आणि ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आता कार्यक्रमाची संध्याकाळ. उकाडा मरणाचा. अनन्या तिच्या शाळेच्या मुलांबरोबर होती, दुपारी आम्ही बाकीचे आडवे झालो होतो. मी उठले तर हे खोलीत नाहीत. वॉकर नाही, चपला नाहीत. खाली नाहीत, नूडलवाल्याकडे नाहीत. लियूची पाळी संपलेली. काउंटरवर नवा मुलगा होता, त्याला काही सांगता येईना. शंतनू माझ्यावर ओरडला, "आई, तू झोपलीस कशी?" आश्लेषा त्याच्यावर ओरडली. वरखाली रस्ते असलेलं ते शहर, भाषा ओळखीची नाही, आणि ह्यांच्या खिशात फोन असतो तो बंद. मीच हट्ट करून ह्यांना इथे आणलं, असं वाटून मी रस्त्यातच रडत चालले होते. झाडाखालच्या कट्ट्यावर नाहीत. आम्ही जवळजवळ पळत थिएटरशी पोचलो. कार्यक्रमाला अजून अर्धा तास होता. शंतनू पुढच्या पायऱ्यांवरून वर धावला, आश्लेषा आणि मी मागच्या उतारानं.

पत्र्याचं दार उघडं होतं. राखणदारानं मला बघितलं आणि हसून आत बोट दाखवलं.

तिसरी रांग, अगदी मधोमध. हे बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, केस नीट विंचरलेले, वॉकर घडी करून पायाशी. शेजारच्या खुर्चीवर ह्यांचा रुमाल पसरलेला, त्याच्या पलीकडे टोपी, त्याच्या पलीकडे चष्म्याचं घर. मागे-पुढे सगळी चिनी माणसं, आणि त्यातल्या कोणाचीही त्या तीन वस्तूंना हात लावायची हिंमत झालेली नव्हती.

शंतनू धापा टाकत आला. बाबा, एकटे कसे आलात, असं काहीसं तो विचारत होता. ह्यांनी त्याला बोटानं गप्प केलं.

"चालत आलो. बसा आता, सुरू होईल."

मी रुमाल उचलला आणि ह्यांच्या शेजारी बसले.